चिठ्ठी, स्ट्रिप आणि बिल : मेडिकलमधून औषध घेताना काय पाहावे आणि काय विचारावे

डॉक्टरांच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटे बोलून झालेला रुग्ण मेडिकलच्या काउंटरवर दोन मिनिटेही थांबत नाही. चिठ्ठी पुढे करायची, पिशवी घ्यायची, पैसे द्यायचे आणि निघायचे, असाच बहुतेकांचा शिरस्ता असतो. प्रत्यक्षात त्या दोन मिनिटांत दुकानदाराने कायद्याने करायच्या बऱ्याच गोष्टी असतात आणि रुग्णाने पाहायच्याही. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०, त्याखालचे १९४५ चे नियम आणि फार्मसी कायदा १९४८ यांवर औषध दुकानाचा सारा कारभार चालतो, आणि महाराष्ट्रात त्यावर अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे बोलीतल्या एफडीएची, देखरेख असते. कायदे केंद्राचे असल्यामुळे पुढे सांगितलेले बहुतेक सगळे गोव्यात, बेळगावात किंवा इंदुरातही तसेच लागू पडते. चिठ्ठीवर जे लिहिले आहे, स्ट्रिपवर जे छापले आहे आणि बिलात जे नोंदले आहे ते तिन्ही एकमेकांशी जुळते का, हे पाहण्याची सवय लावून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली पायरी : दवाखान्यातून निघण्यापूर्वी चिठ्ठी वाचा

चिठ्ठी वाचण्याची जागा दवाखाना आहे, मेडिकल नव्हे. अक्षर लागले नाही, तर विचारायला डॉक्टर समोर असतात. तासाभराने दुकानात तीच शंका आली की फोन लागत नाही आणि मग अंदाजाने काम चालते. नियमाप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि ते कसे घ्यायचे याची सूचना असायला हवी. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बहुधा छापलेलाच असतो. औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या आचारनियमांत २०१६ मध्ये केली होती. ती सर्वत्र पाळली जात नाही, हे कोणत्याही फाईलमधल्या चार चिठ्ठ्या चाळल्या तरी कळते; पण त्या आधारे 'मूळ नावही लिहून द्याल का', असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रत्येक औषधापुढे पाच गोष्टी दिसतात का ते पाहा : नाव, ताकद म्हणजे किती मिलिग्रॅम, प्रकार म्हणजे गोळी की पातळ औषध, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. यांतल्या एसओएसकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गरजेपुरती दिलेली वेदनाशामक गोळी नेमाने रोज घेत राहणारे ज्येष्ठ नागरिक घरोघरी सापडतात. 'त्रास झाला तर' असे लिहिले असेल, तर एका दिवसात जास्तीत जास्त किती आणि दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर, हे तिथेच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

दुसरी पायरी : दुकान निवडणे

किरकोळ औषध दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा आणि एफडीएचा परवाना लागतो, आणि हा परवाना ग्राहकांना दिसेल अशा ठिकाणी लावणे ही परवान्याचीच अट आहे. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. फार्मासिस्ट म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा पदवी घेऊन राज्याच्या फार्मसी परिषदेकडे नाव नोंदवलेली व्यक्ती. काउंटरवरचा प्रत्येक जण फार्मासिस्ट असतोच असे नाही. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि तो स्वतः मात्र दुकानात नाही, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. 'फार्मासिस्ट आहेत का, मला त्यांना काही विचारायचे आहे', हा साधा प्रश्न त्यासाठी पुरतो. उत्तर टाळले गेले, तर किमान नवीन सुरू झालेली औषधे तरी दुसऱ्या दुकानातून घ्यावीत.

इन्सुलिन, लस किंवा काही डोळ्यांचे थेंब घ्यायचे असतील, तर दुकानातल्या फ्रिजकडे एक नजर टाकावी. ही औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागतात, आणि ज्या गावात उन्हाळ्यात तासन् तास वीज जाते तिथे दुकानदाराकडे त्याची काय सोय आहे हे विचारणे अगदी रास्त आहे.

रुग्णालयाच्या आवारातल्या दुकानातूनच औषध घेतले पाहिजे, अशी कायद्याची सक्ती नाही. चिठ्ठी तुमची आहे आणि ती घेऊन बाहेरच्या कोणत्याही परवानाधारक दुकानात जाता येते. रुग्ण दाखल असताना तातडीचे इंजेक्शन बाहेरून आणत बसणे शहाणपणाचे नसते, हे मान्य. पण डिस्चार्जनंतरची महिन्याभराची औषधे तिथूनच घेण्याचे काही कारण नाही.

तिसरी पायरी : काउंटरवर बोला

चिठ्ठी पूर्ण दाखवा. 'यातल्या फक्त दुसऱ्या ओळीचे द्या', असे म्हणून घडी घातलेला कागद पुढे केला, तर फार्मासिस्टला बाकीची औषधे दिसत नाहीत आणि दोन औषधे एकमेकांना बाधतात का हे त्याला सांगता येत नाही. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे उपचार चालू असतील, तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण दोघांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध लिहिलेले असू शकते. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर असे सहज घडते : तापाच्या गोळीत तेच, सर्दीच्या गोळीत तेच आणि अंगदुखीच्या गोळीतही तेच असते. पूर्वी कोणत्या औषधाची अॅलर्जी आली होती, गर्भारपण आहे का, बाळ अंगावर पीत आहे का, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार आहे का, हे न विचारताही सांगावे.

'चिठ्ठीशिवाय का देत नाही?' हा काउंटरवरचा सर्वांत जास्त वादाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर स्ट्रिपवरच छापलेले असते. अनुसूची म्हणजे १९४५ च्या नियमांना जोडलेली औषधांची यादी. अनुसूची 'एच' मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात. त्यांच्या वेष्टनावर आरएक्स हे चिन्ह आणि डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. त्यापुढची अनुसूची 'एच-१' मार्च २०१४ पासून लागू झाली. सेफिक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम यांसारखी प्रतिजैविके, क्षयरोगावरची औषधे, आणि अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल यांसारखी सवय लावणारी औषधे तिच्यात आहेत. यांपैकी काहीही विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. त्यामुळे दुकानदाराने नाव विचारले किंवा चिठ्ठीचा फोटो काढून घेतला, तर तो नसती चौकशी करत नसून आपले काम करत असतो. अनुसूची 'एक्स' मधील औषधे सर्वांत कडक : त्यांना निराळा परवाना लागतो, ती कुलुपात ठेवावी लागतात, आणि चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते, ज्यांपैकी एक प्रत दुकानदार दोन वर्षे ठेवून घेतो. लहान मुलांच्या चंचलतेवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट या वर्गात येते. पालकांनी डॉक्टरांकडून निघतानाच दोन प्रती मागून घ्याव्यात, म्हणजे हेलपाटा वाचतो.

ओळखीच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या 'तेवढ्यापुरत्या' मिळतात, हे सर्वांना माहीत आहे. ती सोय वाटली, तरी जो दुकानदार चिठ्ठी मागतो तोच तुमच्या कामाचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिठ्ठी एकदाच चालते की पुन्हा पुन्हा?

१९४५ च्या नियमांतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते; पुन्हा द्यायचे असेल, तर डॉक्टरांनी तसे चिठ्ठीवर लिहिलेले असावे लागते, आणि किती वेळा किंवा किती अंतराने हे लिहिले असेल तर त्याच मर्यादेत द्यावे लागते. औषध दिल्यावर दुकानाचे नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते. दुकानाचा रबरी शिक्का त्यासाठीच असतो. व्यवहारात रक्तदाबाच्या जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या नेल्या जातात आणि दुकानदारही ओळखीवर देतात. त्यात खरी अडचण कायद्याची नसून डोसची असते : मधल्या काळात वजन, साखर, मूत्रपिंडाचे काम हे सगळे बदललेले असते आणि गोळी मात्र तीच राहते. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा कायमच्या औषधांसाठी 'हीच औषधे तीन महिने दर महिन्याला द्यावीत' असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, म्हणजे पुढची तपासणी कधी हेही आपोआप ठरते.

लिहिलेले औषध नाही, 'सेम कंटेंट' चालेल का?

'कंपनी वेगळी आहे, कंटेंट सेम आहे', हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. अनुसूची एच किंवा एक्स मधील औषध लिहिलेले असेल, तर त्याच्या जागी दुसरे औषध, त्यात घटक तोच असला तरी, दुकानदाराला आपल्या अधिकारात देता येत नाही. मार्ग असा की दुकानदाराने किंवा तुम्ही डॉक्टरांना फोन करावा, होकार मिळाल्यास बदललेले नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे किंवा डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी मोबाइलवर मागवावी. पॅरासिटामॉलसारख्या साध्या औषधात कंपनी बदलल्याने काही बिघडत नाही. फिट्सची औषधे, थायरॉइडची गोळी किंवा रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांत मात्र रक्तातल्या प्रमाणाचा किंचित फरकही जाणवतो, म्हणून ही औषधे दर महिन्याला वेगवेगळ्या कंपनीची घेऊ नयेत.

जनऔषधी केंद्रांची अडचण इथेच येते. २००८ मध्ये सुरू झालेल्या आणि आता प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना या नावाने चालणाऱ्या योजनेच्या केंद्रांत औषधे मूळ नावाने मिळतात, आणि ती ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे सरकार सांगते. पण चिठ्ठीवर केवळ ब्रँडचे नाव असेल, तर केंद्रातील फार्मासिस्टची पंचाईत होते. मूळ नाव लिहून घ्या, असे वर म्हटले ते यासाठीही. केंद्र कुठे आहे आणि औषध कितीला मिळते, हे 'जनऔषधी सुगम' या अॅपवर पाहता येते. महिन्याचा खर्च दोन-तीन हजारांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबाने ही चौकशी एकदा तरी करावीच.

चौथी पायरी : स्ट्रिप हातात घेऊन पाहा

पिशवी बंद होण्यापूर्वी प्रत्येक स्ट्रिप चिठ्ठीतील ओळीशी जुळवावी. घाईत चूक होते ती बहुधा तीन जागी : नावात, ताकदीत आणि नावापुढच्या शेपटात. एसआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरे असलेल्या गोळ्या शरीरात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या फार्मासिस्टला विचारल्याशिवाय तोडू, कुटू किंवा चावू नयेत. चिठ्ठीवर ही अक्षरे नसतील आणि स्ट्रिपवर असतील, तर थांबा आणि विचारा.

दोन औषधांबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. सांधेवात आणि सोरायसिस यांवर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले, तर जिवावर बेतते. त्यावर वार लिहून घ्यावा. दुसरे इन्सुलिन. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर ताकदीचे मिळते, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. १०० युनिट ताकदीच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. शंभराचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरले, तर डोस अडीचपट होतो. म्हणून बाटली आणि सिरिंज नेहमी एकाच वेळी, एकमेकांशेजारी ठेवून घ्यावी.

मुदतीबद्दल नेहमीची शंका : स्ट्रिपवर ऑगस्ट २०२७ छापले असेल, तर औषध त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालते. मात्र महिन्याभराचा साठा घेताना मुदत पंधरा दिवसांवर आलेली स्ट्रिप स्वीकारू नये.

अर्धी स्ट्रिप मागितल्यावर दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते, कारण उरलेल्या तुकड्यावर बॅच क्रमांक (एका वेळी तयार झालेल्या मालाला दिलेला क्रमांक) आणि मुदत राहिली नाही तर तो त्याला विकता येत नाही आणि कंपनीलाही परत करता येत नाही. तुमच्याही हाती आलेल्या तुकड्यावर ही माहिती नसण्याची शक्यता असते, तेव्हा ती बिलात आलीच पाहिजे. पाच दिवसांचे औषध असताना पंधरा गोळ्या गळ्यात पडू देऊ नयेत; पण कायमच्या औषधाची पूर्ण स्ट्रिप घेणेच बरे.

काही निवडक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने स्कॅन केल्यावर औषधाचे नाव, उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते; ही माहिती छापील मजकुराशी जुळली नाही, तर औषध वापरू नये.

पाचवी पायरी : बिल घ्या, आणि ते वाचा

'बिल हवे का?' असे विचारले जाणे हेच मुळात चुकीचे आहे. चिठ्ठीवरच्या औषधाच्या बिलात औषधाचे नाव, प्रमाण, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत यायला हवी. बॅच क्रमांकाचे मोल कळायला मुंबईतली १९८६ ची घटना पुरेशी आहे : जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासनाचा कारभार चव्हाट्यावर आणला. तेच द्रव्य ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बातम्यांत आले. मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' या औषधाने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा महाराष्ट्राच्या एफडीएने एसआर-१३ ही बॅच वापरू नये, असा इशारा दिला. ज्यांच्या घरातल्या बाटलीचे लेबल फाटले होते आणि बिलही नव्हते, त्यांना त्या इशाऱ्याचा काय उपयोग झाला असेल?

किंमत छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेता येते, आणि सर्व कर त्या किमतीतच धरलेले असतात. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीवरून ठरवलेल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते. बाकीच्या औषधांची छापील किंमत कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि काही जीवरक्षक औषधांवरचा शून्य झाला. शंका आल्यास प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या अॅपवर किंमत ताडून पाहता येते.

औषध परत घेतले जाईल का, हे बिल, न कापलेली स्ट्रिप आणि दुकानाची पद्धत यांवर ठरते. फ्रिजमधले औषध बहुतेक दुकाने परत घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. तुमच्या घरी ते कसे राहिले हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो, आणि ते पुढच्या रुग्णाला जायचे असते.

घरपोच आणि ऑनलाइन औषधे

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर व्हिडिओवर तपासून सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा डिजिटल प्रत पाठवू शकतात. मात्र अनुसूची एक्स मधील आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधे अशा सल्ल्यातून लिहिता येत नाहीत. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्राने २०१८ मध्ये नियमांचा मसुदा काढला होता. अॅपवर मागवताना बिलावर कोणत्या दुकानाचे नाव व परवाना क्रमांक आहे ते पाहावे, कारण औषध शेवटी कुठल्या तरी परवानाधारक दुकानातूनच यायला हवे. चिठ्ठी न मागता प्रतिजैविक किंवा झोपेची गोळी पाठवणाऱ्या अॅपपासून दूर राहावे. पार्सल आल्यावर चौथ्या पायरीतले सगळे घरी करावे, आणि थंड ठेवायचे औषध कोमट लागले तर ते तिथल्या तिथे परत पाठवावे.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांनी मुक्कामाच्या पूर्ण काळाचे प्रमाण आणि मूळ नावे लिहिलेली टंकलिखित चिठ्ठी, बिले आणि औषधे मूळ वेष्टनातच हातातल्या सामानात ठेवावीत. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन आणि अल्प्राझोलाम यांसारख्या औषधांवर कडक नियंत्रण आहे, तेव्हा तिथे जाणाऱ्यांनी आगाऊ परवानगीची चौकशी करावी.

घरी आल्यावर

मुलांच्या कोरड्या पावडरीच्या प्रतिजैविकात उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालावे. हलवल्यावर पातळी खाली गेली, तर पुन्हा खुणेपर्यंत भरावे. बाटलीवर तारीख लिहावी, कारण अशी बरीच औषधे तयार केल्यावर सात दिवसच टिकतात. डोस चहाच्या चमच्याने न मोजता सोबतच्या मापाने मोजावा. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिन्याने टाकून द्यावेत, छापील मुदत वर्षभराची असली तरी. इन्सुलिन फ्रिजच्या दारात चालते, फ्रीझरमध्ये नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरू नये.

तक्रार कुठे करावी

मुदत संपलेले औषध, बिलाला नकार, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे किंवा औषधाच्या दर्जाबद्दल संशय, यांपैकी काहीही असले तरी एफडीएच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करता येते किंवा १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. औषधामुळे अंगावर पुरळ, सूज, श्वास लागणे असा त्रास झाला, तर आधी डॉक्टरांना गाठावे. नंतर भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण स्वतःही तो त्रास नोंदवू शकतो. दोन्ही ठिकाणी औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि खरेदीची तारीख हाताशी असावी. उरलेले औषध, अगदी बाटलीच्या तळाशी राहिलेले दोन चमचे का असेनात, टाकून न देता बूच लावून वेगळे ठेवावे.